गाडीचं छत डोक्यावर उतरलं तेव्हा

छताचं कापड पहिल्यांदा टाळूला लागलं तेव्हा वाटलं, कोळिष्टक असेल. झटकायला हात वर केला तर अख्खं अस्तरच हाताला लागलं. पोट सुटलेल्या माणसासारखं मधोमध खाली आलेलं. मागच्या काचेजवळ ते महिनाभर आधीपासून लोंबत होतं, पण मागच्या सीटवर मी बसत नाही, त्यामुळे तिकडे काणाडोळा करणं सोपं होतं. काचा खाली करून गाडी जरा वेगात नेली की ते शिडासारखं फुगायचं आणि आरशात मागच्या गाडीऐवजी नुसतं करडं कापड दिसायचं. गाडी २००३ सालची. इंजिन ठणठणीत, गिअर अजून सुळकन पडतात, आणि वर हा मांडव.

"मामा, तुझ्या गाडीत बसलं की तंबूत बसल्यासारखं वाटतं," भाची म्हणाली. ती चौदा वर्षांची आहे. या वयात माणसं विचारल्याशिवाय खरं बोलतात.

सुरुवातीला मी तेच केलं जे सगळे करतात. टाचण्या लावल्या. पारदर्शक डोक्याच्या, मळसूत्रासारख्या पिळाच्या टाचण्या मिळतात, त्या कापडातून वरच्या पुठ्ठ्यात फिरवून बसवायच्या. दोन दिवस छत शिवलेल्या गादीसारखं दिसलं, मग टाचण्यांच्या मधलं कापड पुन्हा फुगायला लागलं. शिवाय प्रत्येक भोकातून शर्टाच्या खांद्यांवर केशरी भुकटी पडू लागली. ती कशाची, याचा तेव्हा विचारच केला नाही. झटकली आणि विसरलो.

दुसरा उपाय गोंदाचा. कड थोडी सोडवली, आत स्प्रेची नळी घालून गोंद मारला आणि तळहाताने दाबून बसवलं. संध्याकाळी छत असं झकास दिसत होतं की मी दोघातिघांना मुद्दाम दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत खाली. फरक एवढाच की आता त्यावर तेलकट डागही होते, कारण गोंद पातळ कापडातून आरपार आला होता. हे डाग जात नाहीत. कशानेही जात नाहीत, मी प्रयत्न केलाय.

गोंद चिकटला का नाही, हे बघायला ती सुटलेली कड उलटी केली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गोंद चिकटला होता, उत्तम चिकटला होता. फक्त ज्याला चिकटला ती गोष्टच शिल्लक नव्हती.

गाडीचं हे अस्तर नुसतं कापड नसतं. विणीचं पातळ कापड आणि त्याच्या पाठीला कारखान्यातच जोडलेला साधारण ३ मिलिमीटरचा पॉलियुरेथेन फोम, असे दोन थर असतात. हा फोम छताच्या आकारात घडवलेल्या एका कडक पुठ्ठ्याला चिकटवतात आणि तो पुठ्ठा पत्र्याखाली बसवतात. पुठ्ठा आपला बोलायचा शब्द. माझ्या गाडीत तो काचतंतू, म्हणजे फायबरग्लास, साच्यात दाबून केलेला होता. फोमचं म्हणाल तर हवेतल्या बाष्पाने तो आतून तुटत जातो. पाण्याचे रेणू त्याच्या लांबलचक साखळ्यांचे सांधे हळूहळू फोडतात, आणि उष्णतेने हे काम फार वेगाने होतं. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत आतली हवा ६० अंशांपर्यंत सहज जाते, वरचा पत्रा त्याहून तापतो, आणि फोम नेमका त्या पत्र्याखाली. वीस वर्षं असं भाजून निघाल्यावर स्पंजाचा भुगा होतो. कापड एका बाजूला शाबूत, पुठ्ठा दुसऱ्या बाजूला शाबूत, आणि मधे भुगा. माझ्या खांद्यावर पडत होता तो हाच.

म्हणून जुनं कापड परत चिकटवायचे सगळे उपाय फुकट जातात, मग ते टाचण्यांचे असोत की वाफेच्या इस्त्रीचे. आपण भुग्याला भुगा चिकटवत असतो. पुठ्ठा बाहेर काढायचा, जुना फोम पूर्ण खरवडायचा आणि नवं फोमवालं कापड लावायचं, एवढा एकच मार्ग उरतो. सीटकव्हर करणाऱ्या कारागिराकडे काम द्यायला माझी काहीच हरकत नाही, पण त्याला एक प्रश्न जरूर विचारावा: जुना फोम काढणार, की त्यावरच नवं चिकटवणार? उत्तर देताना तो घुटमळला तर दुसरा कारागीर बघावा.

मी स्वतः करायचं ठरवलं. शौर्य म्हणून नव्हे, दोन सुट्ट्या जोडून आल्या होत्या आणि भाचीही घरी होती.

पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. माझ्या गाडीत पडद्यासारख्या उघडणाऱ्या बाजूच्या एअरबॅगा नाहीत. ज्यांच्या गाडीत आहेत त्यांनी इथेच थांबून नीट विचार करावा, कारण त्या छताच्या कडेला अस्तराच्या आतच घडी करून ठेवलेल्या असतात. बॅटरी सोडवून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबायचं, मगच खांबांवरच्या कव्हरांना हात लावायचा, आणि परत बसवताना क्लिपा जिथल्या तिथेच जायला हव्यात. याची खात्री वाटत नसेल तर ते काम जाणकारावर सोपवावं.

बाकी काढकाम कठीण नाही, किचकट आहे. सन व्हायझर, छताची तीन हँडलं (स्क्रू छोट्या झाकणांखाली लपलेले असतात, झाकण नखाने उचलतं, पेचकसाने तुटतं), कोट अडकवायचा हूक, दिव्याची काच, दारांची रबरं वरच्या बाजूने ओढून सैल, खांबांवरची प्लास्टिकची कव्हरं. भाचीने प्रत्येक वस्तू काढण्याआधी आणि काढल्यावर फोटो काढले आणि स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर नावं लिहिली. मला तेव्हा तो जरा अतिरेक वाटला होता. मागच्या कडेला प्लास्टिकच्या नऊ क्लिपा होत्या, त्यातल्या चार तुटल्या. वीस वर्षांचं प्लास्टिक वाळक्या काडीसारखं कटकन जातं. तेव्हा त्या मापाच्या नव्या क्लिपा आधीच आणून ठेवलेल्या बऱ्या.

सुटा झालेला पुठ्ठा गाडीबाहेर काढणं ही एक वेगळीच कसरत. तो वाकत नाही, आणि वाकवला तर घडी पडते. एकदा घडी पडली की ती चुणी नव्या कापडातूनही दिसते. पुढची दोन्ही सीटं आडवी केली, मागचं दार पूर्ण वर, मी आत आणि भाची बाहेर.

"मामा, डावीकडे घे. डावीकडे! तुझं नाही, माझं डावं!"

पाच मिनिटं हे डावं-उजवं चालल्यावर पुठ्ठा तिरपा होऊन अलगद बाहेर आला. जमिनीवर ठेवल्यावर तो गाडीत दिसायचा त्यापेक्षा खूपच मोठा दिसला.

आता खरं काम. कापड एका ओढीत निघालं, उन्हाने सोललेल्या कातडीसारखं. त्याच्या पाठीला थोडा फोम, बाकीचा सगळा पुठ्ठ्यावर. बोट फिरवलं तर वरचा भाग कोरडी पूड आणि खालचा चिकट; बोटावर केशरी लगदा वळला आणि साबणाने दोनदा धुवूनही नखात राहिला. मी तोऱ्यात तारेचा ब्रश घेतला आणि पहिल्याच फटक्यात पुठ्ठ्याचे तंतू उपटले. पुढचा तासभर मनगटाला खाज. म्हणून सांगतो, तारेचा ब्रश नको. कपडे घासायचा जाड नायलॉनचा ब्रश पुरतो. तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे. हे सगळं घालून काम बाहेर मोकळ्या हवेत करायचं. ब्रश एकाच दिशेने, छोट्या हातांनी मारायचा. पूड खाली सरकते, ती व्हॅक्यूमने ओढायची, की पुन्हा ब्रश. सपाट भाग अर्ध्या तासात झाला. दिव्याभोवतीचे, व्हायझरजवळचे आणि मागच्या कडेचे खळगे करायला दोन तास गेले.

पुरे झालं असं मला तीनदा वाटलं. तिन्ही वेळा भाचीने मोजा काढून तळहात पुठ्ठ्यावर फिरवला आणि न बोलता मला दाखवला. केशरी. चौथ्या वेळी हात स्वच्छ निघाला. या कामात मन लावायची जागा हीच आहे, आणि कंटाळा येण्याचीही हीच. नवा गोंद कितीही भारी असला तरी तो खालच्या थराला धरतो. खालचा थरच भुगा असेल तर वरचं सगळं त्याच्यासोबत खाली येणार.

पुठ्ठ्याचा व्हायझरजवळचा एक कोपरा मोडला होता. तिथे पाठीमागून काचतंतूच्या जाळीचा तुकडा रेझिनने, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या रसायनाने, बसवला आणि रात्रभर ठेवला. काही गाड्यांत हा पुठ्ठा थर्माकोलसारख्या पदार्थाचा असतो. तिथे हे रेझिन किंवा सॉल्व्हंटचा गोंद चालत नाही, तो पुठ्ठाच खातो. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात थेंबभर लावून बघितलं की कळतं.

कापडाबद्दल आमच्यात मतभेद झाले. भाचीला गडद निळ्या कापडावर चांदण्या हव्या होत्या. मी साधं कापड लावून बघायला तयारही झालो होतो, पण पुठ्ठ्यावर नुसता तुकडा ठेवला आणि कळलं की फोमशिवाय गत्यंतर नाही. खालचा प्रत्येक तंतू, खरवडल्याची प्रत्येक खूण वर उमटत होती. फोमचं काम गाडी मऊ करणं नाही, पुठ्ठ्याची लाज झाकणं आहे. शिवाय न ताणणारं कापड खळग्यात बसत नाही, तिथे चुणी पडते. मग छताचंच फोमवालं कापड आणलं, करडंच. ते साधारण दीड मीटर पन्ह्याचं येतं, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांना रुंदीत पुरतं. लांबी मात्र टेपने सरळ मोजू नये. मी टेप धरला तर १५० सेंटिमीटर भरले. मग दोरा खळग्यांतून खाली-वर नेत पसरला तर १५८. या ८ सेंटिमीटरमध्येच माणसं फसतात. दोन्ही कडांना आणखी दहा-दहा सेंटिमीटर धरले.

गोंदाच्या बाबतीत मात्र मी पहिल्यांदा शहाणपणा केला. घरात साधा स्प्रे गोंद होता, आणि नवीन आणला होता तो जास्त उष्णता सोसणारा, गाडीच्या अस्तरासाठीचा. दोन्हींनी कापडाचे तुकडे पुठ्ठ्याच्या कपट्यांना चिकटवले आणि दुसऱ्या एका गाडीत डॅशबोर्डवर, काचेमागे, आठवडाभर आधी ठेवून दिले. साध्या गोंदाचा तुकडा तिसऱ्या दिवशी हाताने सरकत होता. गोंद मऊ पडून मधासारखा झाला होता. दुसरा तुकडा ओढला तर फोम फाटला, गोंद हलला नाही. आपल्याला असाच निकाल हवा असतो.

चिकटवण्याच्या दिवशी अंगणात पाणी शिंपडलं, धूळ उडू नये म्हणून. पुठ्ठा दोन खुर्च्यांवर, कापड वर पसरून मधोमध जुळवलं, आणि पुढचा अर्धा भाग मागे दुमडला. मग पुठ्ठ्याचा तो अर्धा भाग आणि कापडाच्या पाठचा फोम, दोन्हींवर गोंद. पुठ्ठ्यावर आधी आडवा हात, मग उभा. फोमवर एकच, हलका. तिथे जास्त मारला तर तो फोम भिजवून कापडातून वर येतो, आणि त्या डागांशी माझी ओळख होतीच. या गोंदाची वाफ पेटते, त्यामुळे आसपास जाळ किंवा ठिणगी असता कामा नये.

यानंतर थांबायचं. ओल्यावर ओलं दाबलं की ते नुसतं सरकत राहतं. बोटाचं पेर अलगद टेकवायचं, चिकट लागलं पाहिजे पण गोंद पेराला यायला नको. आम्हाला सात-आठ मिनिटं लागली. तेवढा वेळ भाची दर मिनिटाला पेर टेकवून "अजून नाही" म्हणत होती, आणि एकदा हळूच म्हणाली, "आता."

दुमडलेलं कापड दोघांनी उचलून धरलं आणि मधल्या रेषेपासून तळहाताने पुढे सरकवत नेलं. हा गोंद टेकला की धरतो, मागे वळून बघायला जागा नाही. सपाट भागावर उपडा तळहात, रेटायचं नाही, नाहीतर फोम दबून तिथे खोलगट ठसा राहतो. खळगा आला की उलटा क्रम: कापड ओढायचं नाही, आधी बोटांच्या टोकांनी तळाशी बसवायचं आणि मग भिंतीवरून वर यायचं. पहिला अर्धा भाग इतका छान बसला की मी शीळ घातली.

शीळ घातल्याचं फळ दुसऱ्या अर्ध्या भागात मिळालं. मागच्या डाव्या खळग्याजवळ एक बारीक चुणी दिसली आणि ती घालवायला मी कापड कडेकडून ताणलं. चुणी गेली. पण कापड खळग्यात उतरलंच नाही, त्यावरून पुलासारखं ताणलेलं राहिलं. भाचीने तिथे बोट दाबलं, सोडलं, आणि कापड टुणकन वर आलं. "मामा, इथे ढोल झालाय."

सोडून दिलं असतं तर पहिल्याच कडक उन्हात तिथूनच सुटायला सुरुवात झाली असती. मग जवळच्या कडेपासून इंचाइंचाने कापड उचललं. तरी रुपयाएवढा फोम पुठ्ठ्यालाच राहिला. दोन्हीकडे पुन्हा हलका गोंद, पुन्हा सात मिनिटं, आणि या वेळी तळापासून वर. बसलं. तिथे एक किंचित खोलगट जागा राहिली आहे. मी दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नाही, आणि मी प्रत्येकाला दाखवतो.

एक दिवस सुकू दिल्यावर कडा कापल्या. तीनेक सेंटिमीटर ठेवून बाकी काढलं, वळणांवर कात्रीने छोट्या खाचा दिल्या, कड मागे वळवून चिकटवली. भोकं मागच्या बाजूने बोटाने चाचपून शोधायची, मधोमध ब्लेडने फुलीचा छेद द्यायचा आणि त्या चार पाकळ्या मागे वळवायच्या. गोल कापून टाकायचं नाही, झाकण बसल्यावर कड उघडी पडू शकते. ब्लेड नवं घ्यावं. बोथट ब्लेड कापड कापत नाही, ओढतं. मी एकामागून एक भोकं उघडत सुटलो होतो.

"हे कशाचं?" भाचीने विचारलं.

मी ड्रायव्हरच्या डोक्यावर एक व्यवस्थित फुली मारून बसलो होतो. फोटो बघितले. जुन्या अस्तरात तिथे भोक नव्हतंच. एकच पुठ्ठा कंपनी महागड्या मॉडेललाही वापरत असणार. तिकडे काहीतरी बसत असेल, माझ्याकडे फक्त भोक होतं. त्यानंतर प्रत्येक छेदाआधी फोटो. ती फुली मागून कापडाची पट्टी लावून बंद केली. सन व्हायझर वर केला की ती त्याखाली जाते, हे नशीब.

परत बसवताना घाई नको आणि हात स्वच्छ हवेत, करडं कापड बोटांचे ठसे लगेच टिपतं. दिव्याची वायर आधी भोकातून बाहेर काढून टेपने चिकटवून ठेवली, नाहीतर ती पत्रा आणि पुठ्ठ्यामधे गडप झाली असती. भाचीने मागून डोक्याने पुठ्ठा उचलून धरला आणि मी पुढून दोन्ही व्हायझर सैलसर लावले. सगळी भोकं समोरासमोर आल्यावरच स्क्रू आवळले. खांबांवरची कव्हरं मात्र बसेनात. कडेला दुमडलेल्या नव्या फोमाने पुठ्ठा जाड झाला होता. तेवढ्या भागातला मागे वळवलेला फोम खरवडून नुसतं कापड ठेवलं, तेव्हा क्लिपांचा टक टक आवाज आला. शेवटी दाराची रबरं कडेवरून चढवली, बॅटरी जोडली, दिवा लावून बघितला. लागला.

त्याला आता एक पूर्ण उन्हाळा होऊन गेला. दुपारी गाडीत बसलं की माझा हात आधी मागच्या डाव्या खळग्याकडे जातो. अजून घट्ट आहे. गाडी मी आतून दोनदा व्हॅक्यूम केली, सीटांखाली, डिकीत, सगळीकडे. तरी परवा भाचीने मागचा सीटबेल्ट पूर्ण ओढला आणि तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत एक सरळ केशरी पट्टा उमटला.